सहीअभावी जमिनीवर

जुने विमान उडते ठेवायला पैसा लागतो, हे कुणालाही पटते. पण पैसे उभे करणारे असतानाही ते का उतरवावे लागते, हे अ‍ॅव्रो व्हल्कन एक्सएच ५५८ च्या हकिकतीवरून उमगते. १९६० साली ब्रिटिश हवाई दलात दाखल झालेले हे त्रिकोणी पंखांचे बॉम्बर दलाने १९९३ मध्ये विकले. पुढे ‘व्हल्कन टू द स्काय’ ट्रस्टने लॉटरीच्या वारसा निधीतले २७ लाख पौंड आणि लोकवर्गणी यांच्या बळावर ते दुरुस्त केले आणि १८ ऑक्टोबर २००७ रोजी पुन्हा उडवले. वर्षाकाठी सुमारे वीस लाख पौंड लागत. तेही लोक देत राहिले.

खरी अडचण पैशाने विकत न मिळणाऱ्या गोष्टींची होती. मे २०१२ मध्ये डॉनकास्टरला इंजिनांच्या हवामार्गात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या राहून गेल्या. एका इंजिनाने त्या ओढून घेतल्या, त्याचे तुकडे शेजारच्यात शिरले आणि दोन्ही ऑलिम्पस इंजिने बाद झाली. साठ्यातली राखीव इंजिने बसवून विमान उडाले खरे, पण नवी ऑलिम्पस २०२ बनवणारा कारखानाच उरला नव्हता. त्याहून अवघड प्रश्न सहीचा. अशा गुंतागुंतीच्या जेट विमानाला ब्रिटनमध्ये उड्डाण परवाना मिळतो तो मूळ उत्पादकांच्या तांत्रिक पाठिंब्यावर. बीएई सिस्टिम्स, रोल्स-रॉइस आणि मार्शल एरोस्पेस यांनी २०१५ च्या हंगामानंतर तो काढून घेतला. या सांगाड्याने इतर कुठल्याही व्हल्कनपेक्षा जास्त तास उड्डाण केले होते आणि तो जाणणारे अभियंते निवृत्त होत चालले होते. २८ ऑक्टोबर २०१५ रोजी ते शेवटचे उडाले.

यावर कुणी म्हणेल, कंपन्यांनी अंग काढून घेतले, एवढेच. पण परवान्यामागे जबाबदारी असते, आणि ती वैमानिकापुरती नसते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शोरहॅमला प्रदर्शनात हॉकर हंटर कोसळले आणि रस्त्यावरचे अकरा जण गेले. तो अपघात गिरकीसाठी उंची आणि वेग अपुरे पडल्याने झाला, यंत्र झिजल्याने नव्हे. आणि व्हल्कनचा निर्णय त्याआधीच जाहीर झालेला होता. तरी जुन्या जेटची चूक कुणाच्या माथी बसते, ते त्यातून दिसले. दुसरा आक्षेप आपल्याकडचा: भारतीय हवाई दलाला २०१८ साली मिळालेले ‘परशुराम’ डाकोटा विमान व्हल्कनहून जुने, मग ते कसे उडते? फरक वयाचा नाही. या जातीची विमाने दहा हजारांवर बनली आणि दशकानुदशके जगभर चालली, त्यामुळे सुटे भाग आणि हात बसलेले मेकॅनिक दोन्ही उरले. व्हल्कन नमुन्यांसह १३६ च. अशा विमानाचे उडणे थांबवून ते जपणे मला शहाणपणाचे वाटते. उडवत ठेवायचेच असेल, तर देणगीदारांआधी शिकाऊ अभियंते शोधावे लागतील, आणि तेही जुने जाणकार अजून शिकवू शकतात तोवर.