अब्राहाम गप्प का बसला?

श्रियाळ-चांगुणेची कथा ऐकत वाढलेल्या माणसाला अब्राहाम आणि इसहाक यांची गोष्ट परकी वाटत नाही. अतिथी होऊन दारात आलेल्या शंकराला पोटच्या चिलयाचं मांस हवं असतं आणि आईबाप ते शिजवून वाढतात. पुढे बाळ जिवंत होतं, ऐकणारे डोळे पुसतात आणि घरी जातात. बायबलमध्ये देव अब्राहामाला सांगतो, मुलाला डोंगरावर ने आणि त्याचा बळी दे. सुरी उचललेली असताना वरून हाक येते, झुडपात शिंगं अडकलेला मेंढा दिसतो, मुलगा वाचतो. ‘भक्ताची परीक्षा’ म्हणून दोन्ही कथा एका फळीवर ठेवून मोकळं होता येतं. पण बायबलची जरा मागची पानं उलटा. सदोम नगरीचा नाश करणार, असं देवाने सांगितल्यावर हाच अब्राहाम हुज्जत घालतो. पन्नास सज्जन असले तर? पंचेचाळीस असले तर? चाळीस? घासाघीस करत तो देवाला दहावर आणतो. परक्या गावासाठी इतकं भांडणारा माणूस स्वतःच्या मुलाच्या वेळी चकार शब्द काढत नाही. का?

यहुदी पंडित या प्रश्नावर शतकानुशतकं वाद घालत आले आहेत. इसहाकाच्या बळीची कथा संपली की पुढचा अध्याय त्याच्या आईच्या, साराच्या मृत्यूने सुरू होतो. ही बातमी ऐकूनच तिचा जीव गेला, असं जुन्या भाष्यकारांनी जोडून घेतलं. बाप परीक्षेत उत्तीर्ण झाला, पण त्याची किंमत घरात कुणी मोजली, हे त्यांनी सांगून टाकलं. धर्मग्रंथावरचं भाष्य म्हणजे नुसती मान डोलावणं नव्हे, याचा हा नमुना.

रायगडच्या किनाऱ्याचा याच्याशी संबंध काय? संबंध असा, की अब्राहामाचं आख्यान मराठीत, पेटी-टाळांच्या साथीने, साकी-दिंडीच्या चालींत उभं केलं ते याच किनाऱ्यावरून मुंबईला गेलेल्या लोकांनी. ते म्हणजे बेने इस्रायल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही त्यांची मूळकथा. गावोगाव पसरून ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. किहीमचे ते किहीमकर, अष्टमीचे अष्टमकर, राजपुरीचे राजपूरकर, दिव्याचे दिवेकर. आडनावं वाचत गेलं तरी जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचा नकाशा तयार होतो.

त्यांच्याजवळ शतकानुशतकं पोथी नव्हती. शेमाची प्रार्थना, शब्बाथ, सुंता आणि ताटातले नियम एवढंच राहिलं होतं. दाविद राहाबी नावाचा यहुदी या किनाऱ्यावर आला, तेव्हा त्याने बायकांपुढे मासळी टाकली, अशी आठवण सांगतात. त्यांनी खवले आणि पर असलेली मासळी वेगळी काढली, बिनखवल्याची बाजूला सारली, आणि त्याची खात्री पटली. ज्या किनाऱ्यावर कोळंबी आणि चिंबोऱ्यांवर घरं जगतात, तिथे ती न खाणं ही लहान गोष्ट नव्हे.

पोथी आली ती मिशनऱ्यांबरोबर, आणि गंमत इथे सुरू होते. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं. स्कॉटिश मिशनतर्फे १८२९ मध्ये आलेल्या जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून काढलं. मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुलं चांगल्या संख्येने बसत. मिशनऱ्यांचा हिशेब सरळ होता. हे लोक जुना करार मानतात, तेव्हा नव्या करारापर्यंत येणं म्हणजे एक पायरी चढणं. विद्यार्थी शिकले, हिब्रू शिकले, आपल्या पूर्वजांच्या गोष्टी छापील मराठीत वाचल्या, आणि पायरी न चढता घरी आले. धर्मांतर फारच थोड्यांनी केलं. अलिबागचं मागेन आबोथ सिनेगॉग १८४८ मधलं, पनवेलचं बेथ एल १८४९ मधलं. मिशन शाळा भरात होत्या त्याच काळातलं हे बांधकाम. पुढे जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या आणि हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची स्वतःची शाळा काढली. किहीमकरांनी लिहिलेला समाजाचा इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये, तेल अवीवमध्ये छापला गेला.

मिशनऱ्यांशी उघड्यावर वाद घातला तो मात्र याच जिल्ह्यातल्या एका गोखल्यांनी. विष्णु भिकाजी गोखले, म्हणजे विष्णुबुवा ब्रह्मचारी, यांचा जन्म १८२५ चा, शिरवलीचा. काही काळ कस्टम खात्यात नोकरी, मग सप्तशृंगीच्या डोंगरावर तपश्चर्या, आणि मग मुंबईत व्याख्यानं. १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्या आणि मिशनऱ्यांच्या वादसभा झाल्या. मूळ पाप, ख्रिस्ताचं देवत्व, एकाच्या मरणाने दुसऱ्याचं पाप कसं फिटतं, असले मुद्दे, आणि ऐकायला वाळूत बसलेली गर्दी. समोरच्या पक्षातल्या जॉर्ज बोवेन यांनी या सभांचा वृत्तांत इंग्रजीत प्रसिद्ध केला. मराठीत ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ १८७२ मध्ये आला, बुवांच्या निधनानंतर वर्षभराने. १८५७ मध्ये उत्तरेत काय पेटलं होतं ते आठवलं, की वाळूतल्या या सभांचं नवल वाटतं. माणसं एकमेकांच्या देवाबद्दल वाट्टेल ते बोलत होती आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटत होती.

तरीही या वादांत एक उणीव मला जाणवते. दोन्ही बाजूंना जिंकायचं होतं. समोरच्याच्या पुराणातली विसंगती काढायची आणि स्वतःच्या ग्रंथातल्या विसंगतीवर पांघरूण घालायचं. जिंकण्यासाठी घातलेल्या वादात गोष्ट मरते, तिचा पुरावा होतो.

बेने इस्रायलांनी दुसरी वाट काढली. १८८० मध्ये मुंबईत कीर्तनोत्तेजक मंडळ निघालं. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे या चळवळीतलं ठळक नाव. हरिदासी कीर्तनाचा साचा जसाच्या तसा उचलला. आधी नमन, मग पूर्वरंगात एखाद्या सिद्धान्ताचं निरूपण, मग उत्तररंगात आख्यान. फक्त आख्यानात ध्रुव-प्रल्हादाऐवजी अब्राहाम, योसेफ, मोशे, दावीद आले. समाजातल्या बहुतेकांना हिब्रू येत नव्हतं, प्रवचन रुक्ष वाटत होतं, पण कीर्तन कानात मुरलेलं होतं. ज्या गावच्या देवळाबाहेर उभं राहून कीर्तन ऐकलं, त्याच चालीत आता मोशे तांबडा समुद्र ओलांडू लागला.

माझ्या मते बायबलच्या नीतिकथांना कीर्तनाइतका योग्य साचा दुसरा नाही, आणि त्याचा पुरावा बायबलमध्येच आहे. दावीद राजाने बथशेबेला उचलून आणलं, तिच्या नवऱ्याला लढाईच्या तोंडी देऊन मारवलं. नाथान संदेष्टा दरबारात येतो. आरोप करत नाही, दृष्टांत सांगतो. एका गरिबाजवळ एकच कोकरू होतं, ते त्याच्या ताटातलं खाई, त्याच्या कुशीत झोपे. शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा आला, तर त्याने स्वतःचे कळप सोडून ते कोकरू कापलं. राजा संतापतो, असल्या माणसाला मेलंच पाहिजे म्हणतो. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. पूर्वरंग, दृष्टांत, आणि नेमका घाव. कुठलाही बुवा याहून चांगलं करणार नाही.

कीर्तनात आणखी एक सोय असते. पात्रांना स्वतःच्या तोंडची पदं मिळतात. पोथीत इफ्ताहाची मुलगी दोन-चार वाक्यं बोलते, कीर्तनात तिला पद देता येतं. बाप लढाईवर जाताना नवस बोलतो, जिंकून आलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते अर्पण करीन. डफ वाजवत सामोरी येते ती एकुलती मुलगी. शब्द दिला म्हणून तो पाळला जातो. हरिश्चंद्राच्या देशात याला सत्यवचन म्हणायचा मोह होईल. यहुदी भाष्यकारांनी मात्र इफ्ताहाला फैलावर घेतलं. पिनहास याजकाकडे जाऊन नवस सोडवून घेता आला असता. पण सेनापती म्हणाला, मी त्याच्याकडे कशाला जाऊ? याजक म्हणाला, मी त्याच्याकडे कशाला जाऊ? दोघांच्या मानापानात पोरीचा जीव गेला. आपल्याकडच्या भावबंदकीतल्या किती गोष्टी या चौकटीत बसतील, ते प्रत्येकाने आपापलं बघावं.

योसेफाची गोष्ट सगळ्यांना आवडते. भावांनी विकलेला मुलगा मिसरचा कारभारी होतो आणि दुष्काळात त्याच भावांना धान्य देऊन क्षमा करतो. शाळेत, कीर्तनात, चित्रांच्या पुस्तकात गोष्ट इथे थांबते. पोथी थांबत नाही. उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात योसेफ सरकारी कोठारातलं धान्य विकतो. आधी लोकांचा पैसा घेतो, मग गुरं, मग जमिनी, शेवटी माणसं फारोची बांधील होतात आणि पिकाचा पाचवा हिस्सा कायमचा राजाला. लोक वर म्हणतात, तुम्ही आमचे प्राण वाचवलेत.

हा अध्याय अलिबाग तालुक्यात बसून वाचून पाहा. इथल्याच चरी गावात १९३३ मध्ये कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचं नाकारलं आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो संप १९३९ पर्यंत चालवला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ज्यांच्या आजोबांनी संपात पडीक शेतांकडे बघत उपास काढले, त्यांना योसेफाचा कारभार ‘दूरदृष्टी’ म्हणून गळी उतरणार नाही. तो क्षमाशील भाऊ होता हे खरं, आणि त्याच्या कारभारात माणसं जमिनीसकट विकली गेली हेही खरं. एका तात्पर्यात हे दोन्ही बसत नाही.

दरफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरच्या उपासाच्या दिवशी, दुपारनंतर सिनेगॉगमध्ये योनाचं पुस्तक वाचतात. तारू, वादळ, चिठ्ठ्या टाकणारे खलाशी, माशाचं पोट. किनाऱ्यावरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मात्र मला खरी वाटते ती शेवटची भानगड. निनवेचे पापी सुधारतात, देव शिक्षा मागे घेतो, आणि योना रुसतो. सावलीचं झाड वाळलं म्हणून तो मरण मागतो. देव विचारतो, तुला एका झाडाची कीव येते, मग एक लाख वीस हजारांहून जास्त माणसांच्या आणि कितीतरी गुरांच्या या शहराची मला येऊ नये का? पुस्तक इथे संपतं. योनाचं उत्तर दिलेलंच नाही.

आणि एलिया संदेष्टा. बायबलप्रमाणे यार्देन नदीपलीकडे अग्निरथ आला आणि तो वावटळीतून स्वर्गाला गेला. बेने इस्रायल म्हणतात, जाता जाता अलिबागजवळच्या खंडाळ्याला टेकला, तिथल्या खडकावर घोड्यांच्या टापांच्या आणि चाकांच्या खुणा आहेत. नवस फेडायला लोक अजून तिथे जातात आणि मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, वर फळं. ताट मधे ठेवून एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हणायचं आणि सगळ्यांनी वाटून खायचं. या एलियाच्या नावावर तरी नीतीचा धडा कुणी लावत नाही. तो पाहुणा आहे, त्याला खाऊ घालायचं.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. रायगडमध्ये आता थोडीच घरं उरली आहेत. मराठी कीर्तनाची पदं तिकडच्या बायका अजून म्हणतात. पण एकोणिसाव्या शतकात मुंबईत छापलेल्या आख्यानांच्या पुस्तिका आणि घराघरांत उतरवून घेतलेल्या चालींच्या वह्या म्हणजे मराठी कीर्तन वाङ्मयाचा भाग आहेत, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना दोन ओळींपलीकडे जागा मिळालेली नाही. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, रोहा, म्हसळा या गावांत कुणाच्या माळ्यावर अशी वही असेल, किंवा इस्रायलला जाताना शेजाऱ्याने ठेवायला दिलेली ट्रंक अजून उघडलेली नसेल, तर ती उघडा. वाळवी लागण्याआधी पानांचे फोटो काढा आणि जवळच्या ग्रंथालयाला कळवा.