दाब उतरला म्हणजे पाऊस नव्हे

बीएमपी-२८० हा हवेचा दाब मोजणारा सेन्सर मागवला की हातात पडते ती नखाएवढी पाटी. खरा सेन्सर म्हणजे तिच्यावरची २ बाय २.५ मिलिमीटरची धातूची डबी, वर बारीक छिद्र. आत सिलिकॉनचा पातळ पडदा. हवेच्या दाबाने तो वाकतो, त्यावरचा विद्युतरोध बदलतो आणि चिप तो बदल आकड्यात देते. उष्णतेनेही रोध बदलतो, म्हणून ती तापमानही मोजते. दुरुस्तीचे गुणांक प्रत्येक चिपमध्ये कारखान्यातच भरलेले असतात.

पिनांना डाग दिला, नोडएमसीयू या छोट्या कंट्रोलर बोर्डाला चार तारा जोडल्या आणि परभणीत घरच्या टेबलावर आकडा उमटला : ९६३ हेक्टोपास्कल. बातम्यांत मात्र १००८. दोन्ही बरोबर. परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच. दर नऊएक मीटरला दाब १ हेक्टोपास्कलने घटतो आणि हवामान खातं आकडा समुद्रसपाटीवर आणून सांगतं. पाटी घेऊन जिना चढलं की एका मजल्यात ०.३ चा फरक दिसतो. मूळ आकडा एखाद्या हेक्टोपास्कलने चुकेल, पण बदल टिपण्यात हा सेन्सर पक्का.

खरी गंमत दिवसभराच्या आकड्यांच्या आलेखात आहे. सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला, दुपारी चार-पाचला तळाशी, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे पुन्हा खाली. वरच्या थरांतला ओझोन आणि हवेतली वाफ उन्हाने तापून उठणारी ही वातावरणाची भरती-ओहोटी. उष्ण कटिबंधात ती ठळक, युरोपात क्षीण. ‘तीन तासांत दाब उतरला, पाऊस येणार’ हा आयता प्रोग्राम तिकडच्या हवेसाठी ठीक. मे महिन्यात परभणीत तो रोज दुपारी पावसाची वर्दी देतो.

उपाय सोपा. दर दहा मिनिटांची नोंद, १४४ नोंदी साठवायच्या आणि आजचा दुपारी चारचा आकडा कालच्या चारच्या आकड्याशी ताडायचा. रोजची भरती-ओहोटी वजा होते, उरतो तो हवामानाचा बदल. हवामान खातंही चोवीस तासांतला फरक पाहतं. पावसाळ्यात हा फरक सलग उणे राहिला, तर बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा इकडे सरकतोय का, हे बघावं.

वळवाची गोष्ट मात्र उलटी. ढगातून थंड, जड हवा खाली आदळते आणि काही मिनिटांत दाब वर उडी घेतो. म्हणजे पत्र्यावर पाऊस वाजत असताना तो आयता प्रोग्राम ‘आकाश निरभ्र’ म्हणायला मोकळा.