ईदचा बकरा मोबाइलवर पसंत केला, पण पैसे कधी द्यायचे?

जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये धाराशिव झालं, पण इथल्या शेळीचं नाव आजही 'उस्मानाबादी'च आहे. काळाभोर रंग, कोरडवाहू भागात तग धरण्याची ताकद आणि चवदार मटण यामुळे बकरी ईदच्या आधी या जातीच्या बकऱ्यांना चांगली मागणी असते. कळंब तालुक्यातलं येरमाळा याच पट्ट्यात, राष्ट्रीय महामार्ग 52 वर येतं. अशा गावातल्या शेळीपालकाला मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक गाठायचं तर वर्षानुवर्षं एकच वाट होती. आठवडी बाजार, तिथला दलाल आणि रुमालाखाली बोटं धरून ठरलेला भाव. शेवटी बकरा कुणाच्या घरी गेला आणि कितीला गेला, हे पाळणाऱ्याला कळतच नसे.

आता ही वाट बदलली आहे. कोरोनाच्या काळात, जुलै 2020 मध्ये राज्य सरकारने ईदसाठी सूचना काढल्या. जनावरांचे बाजार बंद राहतील, खरेदी ऑनलाइन किंवा फोनवरून करावी, असं त्यात म्हटलं होतं. त्या वर्षी अनेकांनी नाइलाजाने मोबाइलवर बकरा शोधला. पुढे बाजार सुरू झाले, तरी मोबाइलची सवय राहिली.

विक्री कशी चालते?

शेळीपालक बकऱ्याचा व्हिडिओ काढतो, जिवंत वजन आणि किलोचा भाव सांगतो, नंबर देतो. व्हिडिओ यूट्यूबवर किंवा व्हॉट्सॲप स्टेटसवर जातो. फेसबुकच्या मार्केटप्लेसवर जनावरं विकायला कंपनीच्या नियमांनुसार मनाई आहे, म्हणून खरा सौदा फोनवर आणि व्हॉट्सॲपवरच होतो.

इथेच मेख आहे. कपडे किंवा मोबाइल मोठ्या ॲपवरून मागवले, तर परत करायची सोय असते, तक्रारीची जागा असते. व्हॉट्सॲपवर ठरलेल्या बकऱ्याला असं काहीच नाही. मधला दलाल गेला, पण त्याच्यासोबत बाजारातले चार ओळखीचे साक्षीदारही गेले. फसवणूक झाली तर भरपाई मागायची कुणाकडे?

घेणाऱ्याने काय पाहावं?

कुर्बानीसाठी बकरा एक वर्षाचा पूर्ण असावा लागतो आणि त्यात मोठा दोष नसावा लागतो. साधारण वर्ष-सव्वा वर्षात पुढचे दोन दुधाचे दात पडून मोठे दात येतात, म्हणून 'दोनदाती' बकरा मागतात. नुसत्या फोटोवर दात, लंगडेपणा किंवा डोळ्यातला दोष कळत नाही. कॅमेरा खाली धरला की छोटा बकराही उंच दिसतो. त्यामुळे जुन्या व्हिडिओवर न जाता व्हिडिओ कॉल करा. दात उघडून दाखवायला सांगा, बकरा चालवून दाखवायला सांगा.

वजन करताना काटा आधी शून्यावर आहे ना, हे पाहा. चारा-पाणी झाल्यावर वजन वाढतं आणि लांबच्या प्रवासात घटतं. म्हणून कुठलं वजन धरायचं, तिकडचं की तुमच्या दारातलं, हे आधीच बोलून घ्या.

कानातला बिल्लाही बघा. राज्यात 1 जून 2024 पासून बिल्ला नसलेल्या पशुधनाच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. बिल्ल्यावरच्या 12 अंकी क्रमांकाचा फोटो मागून घेतला, तर दाखवला एक आणि पाठवला दुसरा, हा प्रकार लगेच उघडा पडतो.

पैशाचं म्हणाल तर पूर्ण रक्कम आधी पाठवू नका. थोडा बयाना द्या, बाकी बकरा हातात आल्यावर. आपल्याला पैसे मिळायचे असतील तर यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. हे विकणाऱ्यानेही लक्षात ठेवावं, कारण 'बयाना पाठवतो, हा कोड स्कॅन करा' म्हणणारे भामटे त्यालाही गाठतात. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट खोटा असू शकतो, म्हणून खात्यात रक्कम जमा झाल्याचं पाहूनच बकरा गाडीत चढवावा. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे थांबवण्याची शक्यता जास्त.

विकणाऱ्याचा फायदा कशात?

खरं सांगण्यात. हनफी फिकहमध्ये न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर नाकारण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे, त्याला 'खियार-ए-रूयत' म्हणतात. माल लपवून नव्हे, दाखवून विकावा, हेच त्यामागचं सूत्र. शिंग मोडकं असेल तर व्हिडिओतच सांगावं. 'दारात बघून पसंत नाही पडला तर बयाना परत' असं बोलणारा पाळणारा कदाचित एखादा सौदा गमावेल, पण त्याचा नंबर गिऱ्हाईक जपून ठेवेल.

आणि नंबर जपला जाणं हीच आजची खरी जाहिरात आहे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच पोहोचतो. तीन-चार बकरे पाळणाऱ्या घराला हजारो व्ह्यूजची गरजच नाही. मागच्या ईदला समाधानी झालेली दहा घरं पुढच्या ईदला पुरतात. ती दहा घरं टिकवायची की एकदाच फसवून गमवायची, हे मोबाइल ठरवत नाही, पाळणारा ठरवतो.