लिलाव चित्रांचा, शाळा कोणाची?

वाशिमच्या काही तरुण मित्रांनी आमच्यापुढे एक कल्पना मांडली. मुंबई-नागपूरच्या चित्रकारांकडून एकेक चित्र मागून घ्यायचे, त्यांचा लिलाव करायचा आणि येणाऱ्या पैशातून मानोरा तालुक्यात, पोहरादेवीच्या आसपासच्या एखाद्या तांड्यात बंजारा कशिद्याची शाळा काढायची. मित्र चळवळीतले, हेतूबद्दल शंका घ्यावी असे नाहीत. तरीही आम्ही लगेच होकार दिला नाही. का दिला नाही, हे उघडपणे लिहिलेले बरे.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०१८ साली केंद्राने त्याला 'आकांक्षित' म्हटले. मागास म्हणायची ही नवी, गोड रीत! याच जिल्ह्यातील पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. तेथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. आपल्या वारशाला छप्पर मिळाले, याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्याच परिसरातल्या तांड्यात आरसे आणि कवड्या जडवलेली फेटिया-कांचळी म्हातारीच्या पेटीत घडी होऊन पडली आहे. नातीला ती घालायची लाज वाटते आणि सून कामाच्या शोधात पुण्याकडे गेलेली आहे. कला जिवंत असते ती हातात, आणि तो हात सध्या मजुरीला गुंतला आहे. म्हणून शाळेची गरज मित्रांना वाटते, ती खोटी नाही. कर्नाटकातील सांडूरच्या लंबाणी कशिद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सुई तीच, गोरमाटी बोलीही तीच. मग आपल्या तांड्यांनी मागे का राहावे?

मतभेद आहे तो लिलावाबद्दल.

लिलावातून शाळा उभी राहू शकते, हे खरे आहे. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलावघरात मकबूल फिदा हुसेन यांचे 'ग्रामयात्रा' हे चित्र सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलरला, म्हणजे जवळपास ११८ कोटी रुपयांना विकले गेले. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात त्या दिवसापर्यंत एवढी किंमत आली नव्हती. हुसेन आमच्या पंढरपूरचे. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेला हा माणूस. १९५४ सालच्या या चित्रात भारतीय खेड्याचे तेरा तुकडे आहेत. त्याच साली नॉर्वेत काम करणाऱ्या डॉ. व्होलोदार्स्की यांनी ते दिल्लीत विकत घेतले आणि पुढे ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाला देऊन टाकले. अनेक दशके ते तेथल्या भिंतीवर राहिले. विक्रीचा पैसा तरुण डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी ठेवण्याचे ठरले. म्हणजे आमचे मित्र म्हणतात तसेच झाले, चित्र विकले आणि शिक्षण उभे राहिले. डॉक्टर व्होलोदार्स्कींच्या दातृत्वाला आम्ही नावे ठेवणार नाही. पण जे खेडे ११८ कोटींना विकले गेले, त्या खेड्यातल्या कोणाच्या आरोग्यकेंद्रात त्यातला एक रुपया तरी आला काय? यायचे काही कारणच नव्हते. खेडे चित्रात होते, मालकीत नव्हते!

आपल्याकडचा कायदाही पाहा. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३अ हे कलम आले. चित्र, शिल्प, रेखाटन किंवा मूळ हस्तलिखित दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकले गेले, तर मूळ निर्मात्याला किंवा त्याच्या वारसाला त्या किमतीत वाटा आहे. हा वाटा जास्तीत जास्त दहा टक्के. कागदावर का होईना, चित्रकाराला हक्क आहे. त्या यादीत कशिदा कोठे आहे? फडकी कोठे आहे? वर्षभर डोळे फोडून टाके घालणारी बाई कायद्याच्या नजरेत 'कलावंत' नाही, ती 'कारागीर' आहे. एकाची सही विकली जाते, दुसरीला सहीच नाही. कला आणि कारागिरी यांच्यातली ही रेघ कोणी ओढली आणि तिच्या कोणत्या बाजूला कोणत्या जाती बसवल्या, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

कोल्हापुरी चपलेची गोष्ट तर ताजी आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा कंपनीच्या मॉडेलच्या पायात ती दिसली, आणि कोल्हापूरचे नावही कोणी घेतले नाही. २०१९ पासून भौगोलिक मानांकन असलेली चपल ती! ओरड झाल्यावर कंपनीने मूळ कबूल केले. डिसेंबर २०२५ मध्ये आपले संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे महामंडळ यांच्याशी तिने करार केला. दोन हजार जोड येथे बनवायचे, किंमत आठशे युरोच्या घरात, आणि कारागिरांना प्रशिक्षणही द्यायचे. प्रशिक्षण म्हटले की टाळ्या पडतात. पण ज्याच्या बापजाद्यांनी ती चपल घडवली, त्याला चपल शिकवायची आहे की बाजार? बाजार शिकवणार असतील तर आम्ही स्वागतच करू. आठशे युरोतले कापणाऱ्या-शिवणाऱ्याच्या हातात किती पडतात, हे मात्र त्याला पहिल्याच धड्यात कळले पाहिजे.

याच्या उलट धारावीत सुधीर राजभर यांनी 'चमार' हेच नाव अभिमानाने आपल्या स्टुडिओला दिले. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीने चामड्याचे काम बसले, तेव्हा कारागिरांना घेऊन टाकाऊ रबराच्या वस्तू केल्या. त्यांच्या खुर्च्या २०२४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या मायामीच्या डिझाइन प्रदर्शनापर्यंत पोहोचल्या. शिवी म्हणून वापरलेला शब्द श्रीमंतांच्या दिवाणखान्यात किमतीच्या चिठ्ठीवर गेला. हे आम्हाला जास्त पटते.

आता शाळेकडे येऊ. हाताला काम शिकवणाऱ्या शाळेचे नाव काढले की आम्ही सावध होतो, त्याला कारण आहे. आमच्या विदर्भातच, वर्ध्याला, १९३७ साली हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली गेली. मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, अशी तीत अपेक्षा होती. आजच्या विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत. प्रशिक्षणात रोज पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये मिळतात. गरिबाला ते पैसे हवेतच, घेणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. पण सरकारनेच उद्देशात गुरू-शिष्य परंपरा आणि कुटुंबात चालत आलेले कसब जोपासण्याची भाषा केली आहे. कुंभाराचा कुंभार, चांभाराचा चांभार! बाबासाहेबांनी जातीला श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी म्हटले, ते १९३६ साली. १९४२ मध्ये व्हाईसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी मागितली. हाताचे काम त्यांना कमी प्रतीचे वाटत नव्हते. जन्माने हातात दिलेले काम त्यांना नको होते. हा फरक ज्याला कळला नाही, त्याने कृपा करून शाळा काढू नये.

म्हणून मित्रांना आम्ही म्हटले, लिलाव करा, पण देणगीदारांचे फलक आधी रंगवू नका. शाळा तांड्यातल्या बायांच्या नावाने नोंदवा. नमुने त्यांच्या मालकीचे राहू द्या आणि तसे कागदावर लिहा. सुईबरोबर हिशेब, इंग्रजी आणि संगणकावरचे रेखाटन शिकवा. ज्या पोरीला सुई नको असेल, तिच्या अकोल्याच्या कॉलेजची फी त्याच पैशातून भरा. लिलावात चित्रांच्या रांगेत एक फेटियाही ठेवा, खाली बनवणारीचे नाव लिहा आणि बोली लागू द्या. मुंबईचे शौकीन किती बोलतात ते आम्हालाही पाहायचे आहे!

मित्र थोडे हिरमुसले. एकाने तर विचारले, एवढ्या अटी घातल्या तर चित्रकार चित्रे देतील का? जे खरे आहेत ते देतील, असे आम्हाला वाटते. मग आम्ही सगळे मिळून तांड्यात गेलो. शाळेत शिकवावे असे जिला सांगायचे होते, ती याडी दारातच बसली होती. मित्रांनी वारसा, संस्कृती, लुप्त होणारी कला असे बरेच समजावून सांगितले. तिने चष्मा पुसत सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मास्तरीनले पगार किती भेटन, बापू? अन् दर महिन्याले भेटन का?"

मित्रांच्या वहीत खर्चाचा तक्ता होता. लिलावाचे सभागृह, निमंत्रणपत्रिका, चित्रांच्या चौकटी, पाहुण्यांचा चहा-नाश्ता, सगळे आकडे होते. पगाराची ओळ नव्हती. ती त्यांनी तिथेच, तिच्यासमोर लिहिली. आकडा अजून भरायचा आहे.