शिकारी रायफलीचे मूल्यमापन : अचूकता, प्रतिक्षेप आणि रचनाविशेष

एखाद्या वस्तूची पारख करणारे लेखन हा भाषाव्यवहाराचा एक स्वतंत्र प्रकार आहे, आणि त्याचा अभ्यास करावयाचा झाल्यास बोल्ट-पद्धतीच्या शिकारी रायफलींविषयी अमेरिकेत शतकभर चालत आलेल्या परीक्षणांइतके सोयीचे साहित्य क्वचितच सापडेल. साहित्यकृतीच्या समीक्षेत शब्दांमागे मोजमाप नसते. यंत्राच्या अहवालात बहुधा मोजमापच असते. रायफलीच्या परीक्षणात मात्र दोन्ही एकाच परिच्छेदात शेजारी नांदतात : एका वाक्यात कागदावरील छिद्रांचे इंचात दिलेले अंतर, आणि दुसऱ्यात धक्का ‘सोसण्याजोगा’ असल्याचा निर्वाळा. यांपैकी कोणत्या वाक्यावर किती विसंबावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकारीचा छंद कायद्याने संपुष्टात आला आहे, तेव्हा येथील वाचकास या प्रश्नाकडे खरेदीदाराच्या नव्हे तर तटस्थ अभ्यासकाच्या नजरेने पाहण्याची मुभा आहे. अमेरिकेत, जर्मनीत वा स्कँडिनेव्हियात मात्र याच शब्दांच्या आधारे शस्त्र विकत घेतले जाते, आणि शब्द फसवा निघाल्यास त्याची किंमत जखमी होऊन रानात नाहीसे झालेले जनावर मोजते.

प्रथम वस्तूविषयी. दाराला आडवी सरकवावयाची कडी इंग्रजीत ज्या नावाने ओळखली जाते, तेच नाव या रायफलीच्या मुख्य भागास मिळाले आहे, आणि साम्यही यथार्थ आहे. पोलादी दांडा मूठ धरून वर फिरवावा, मागे ओढावा, म्हणजे रिकामे पितळी नळकांडे बाहेर पडते. पुढे ढकलून खाली फिरवावा, म्हणजे नवे काडतूस नळीच्या तोंडाशी जाऊन बसते व दांड्याचे दाते चौकटीतील खाचांत अडकून मार्ग बंद होतो. जर्मन भाषेने हीच वस्तू ‘रेपेटीअरब्यूक्से’ म्हणजे पुनःपुन्हा उडणारी रायफल या नावाने ओळखली. एका भाषेस कडी दिसली, दुसरीस आवृत्ती. मराठीने या क्षेत्रात आपले असे फारसे काही घडविलेले नाही. ‘बंदूक’ आणि ‘दारू’ हे शब्द फारसीच्या वाटेने आले, ‘तोफ’ तुर्कीतून, ‘काडतूस’ पोर्तुगिजांकडून आणि ‘रायफल’ इंग्रजांकडून. शस्त्र ज्याच्या हातून मिळाले त्याच्याच तोंडचा शब्द आला, इतकाच याचा अर्थ.

आजच्या बहुतेक बोल्ट-रायफलींचे मूळ पॉल माउझर यांच्या १८९८च्या जर्मन लष्करी रायफलीत आहे. अमेरिकेने १९०३ साली स्वीकारलेली स्प्रिंगफील्ड रायफल तिच्या इतकी जवळची होती की अमेरिकन सरकारला माउझर कंपनीस स्वामित्वधन द्यावे लागले. विंचेस्टरचे ‘मॉडेल ७०’ (१९३६) याच परंपरेतील. रेमिंग्टनचे ‘मॉडेल ७००’ (१९६२) काही बाबतींत तिच्यापासून दूर गेलेले. परीक्षणांत तुलनेचे मानदंड म्हणून हीच नावे वारंवार येतात.

काडतुसांची नावे हा या परिभाषेतील आणखी एक चमत्कारिक भाग आहे, व भाषेच्या अभ्यासकाने तेथे क्षणभर थांबण्यास हरकत नाही. ‘.२७० विंचेस्टर’ या काडतुसाची गोळी .२७० नव्हे, .२७७ इंच व्यासाची असते. ‘.३०-०६’ मधील पहिला अंक नळीच्या आतील व्यासाचा, दुसरा १९०६ या वर्षाचा. पण त्याहून जुन्या ‘.३०-३०’ मधील दुसरा तीस हा दारूच्या वजनाचा, ग्रेन या परिमाणातील. जर्मनांनी ‘७×५७’ म्हटलेले काडतूस, म्हणजे सात मिलिमीटर व्यास व सत्तावन्न मिलिमीटर लांबीचे नळकांडे, लंडनच्या रिग्बी यांच्या दुकानात ‘.२७५ रिग्बी’ झाले, आणि त्याची गोळी प्रत्यक्षात .२८४ इंचाची आहे. अंक दिसतो म्हणून तो संख्या असतोच असे नाही. येथे तो विशेषनाम झाला आहे. हीच सावधगिरी परीक्षणातील इतर अंकांविषयीही बाळगावी लागते.

‘अचूकता’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळलेले असतात. नेमलेल्या बिंदूवर गोळी लागणे हा एक. सर्व गोळ्या एकमेकींजवळ लागणे, मग त्या कोठेही लागोत, हा दुसरा. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९४च्या आपल्या ५७२५ क्रमांकाच्या मानकात हे भेद वेगळे करून व्यापक शब्दाखाली दोन्हींना स्थान दिले. रायफलीच्या परीक्षणात ‘अचूक’ म्हणजे जवळजवळ नेहमीच दुसरा अर्थ अभिप्रेत असतो, कारण पहिला दुर्बिणीचे स्क्रू फिरवून साधता येतो. मराठीतील ‘नेम’ हा शब्द मात्र मुख्यतः माणसाला लावला जातो. नेम चुकतो तो धरणाऱ्याचा. मराठीने अजाणता केलेला हा भेद पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

मापनाची रीत अशी. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून १०० यार्डांवरील कागदावर काही गोळ्या झाडावयाच्या व सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर मोजावयाचे. या छिद्रसमूहास ‘पुंज’ म्हणू. अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कोनीय मिनिट, १०० यार्डांवर १.०४७ इंच भरतो. तेव्हा ‘एका मिनिटाची रायफल’ म्हणजे स्थूलमानाने १०० यार्डांवर एक इंचाचा पुंज देणारी. परंतु किती गोळ्यांचा पुंज? परीक्षणे पुष्कळदा तीन गोळ्यांवर समाधान मानतात, आणि सगळी मेख येथेच आहे.

गोळ्यांचे विखुरणे सर्व दिशांना सारखे व सामान्य वितरणास अनुसरणारे आहे असे मानले, तर पुंजाची सरासरी रुंदी गोळ्यांच्या संख्येवर अवलंबून राहते. प्रमाण विचलन एक धरल्यास तीन गोळ्यांचा पुंज सरासरी २.४१, पाचांचा ३.०७, दहांचा ३.८१ इतका भरतो. म्हणजे तीन गोळ्यांत सरासरी एक इंच देणारी रायफल दहा गोळ्यांत सुमारे १.६ इंच देईल. रायफल तीच, नळी तीच. याहून गंभीर गोष्ट अशी की, तीन गोळ्यांचे पुंज आपसांत फार भिन्न असतात. त्यांचे विचलन सरासरीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक असते. अशी रायफल एका पुंजात पाऊण इंच व पुढच्याच पुंजात सव्वा इंच देईल, आणि त्यात कशाचाही दोष नसेल. दहा पुंज काढले तर त्यांतील सर्वांत लहान पुंज सरासरीच्या निम्म्याच्या आसपास असणे अपेक्षितच आहे. तोच कागद छायाचित्रासाठी निवडला की अर्ध्या मिनिटाची रायफल जन्मास येते! ‘अमेरिकन रायफलमन’ या मासिकाने ओळीने काढलेल्या पाच-पाच गोळ्यांच्या पाच पुंजांची सरासरी देण्याचा प्रघात पाळला, तो या दृष्टीने पुष्कळच प्रामाणिक म्हटला पाहिजे. दोन रायफलींत पाव इंचाचा फरक एकेका पुंजावरून ठरविणारे परीक्षण हे परीक्षण नव्हे. ते नाणेफेकीचे वृत्त आहे.

शिकाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक अडचण उरते. दहा गोळ्या झाडताना शिकारी रायफलीची बारीक नळी तापते, आणि शिकाऱ्याची महत्त्वाची गोळी मात्र थंड नळीतून सुटणारी पहिलीच असते. निरनिराळ्या दिवशी थंड नळीतून एकेक गोळी एकाच कागदावर झाडून जो पुंज बनेल, तो त्याच्या कामाचा. ही रीत सोपी आहे, पण तीस आठवडे लागतात. परीक्षकाजवळ बहुधा दुपार असते.

समजा, हे सर्व यथायोग्य केले. तरी त्या आकड्याचे मोल किती? हरणाच्या हृदय-फुप्फुसांचे क्षेत्र साधारणतः आठ इंच व्यासाचे धरतात. गृहीत धरू की रानात, वाळूच्या पिशव्यांवाचून, २०० यार्डांवर एखाद्या शिकाऱ्याच्या स्वतःच्या हाताने होणारे विखुरणे दहा इंचांचे आहे. एक मिनिटाची रायफल त्यात दोन इंचांची भर घालते, दोन मिनिटांची चार इंचांची. परंतु स्वतंत्र कारणांनी होणारे विखुरणे सरळ बेरजेने वाढत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावे लागते. पहिल्या रायफलीचे एकूण विखुरणे १०.२ इंच येते, दुसरीचे १०.८. दुप्पट ‘अचूक’ रायफलीने अर्ध्या इंचाहून किंचित अधिक लाभ झाला. उलट त्याच शिकाऱ्याने सरावाने आपले दहा इंच आठावर आणले, तर दोन मिनिटांच्या सामान्य रायफलीनेही एकूण विखुरणे नऊ इंचांच्या आत येते. परीक्षणातील सर्वांत ठळक आकडा जनावराच्या शरीरावर सर्वांत कमी परिणाम करणारा ठरतो. नेम माणसाचा, हा मराठीचा कौल गणितही मान्य करते.

मग माणसाचे विखुरणे वाढविणारी रायफलीतील गोष्ट कोणती? ती म्हणजे प्रतिक्षेप, बार उडताना खांद्यास बसणारा धक्का. त्याचे गणित न्यूटनच्या तिसऱ्या नियमाइतके जुने आहे. गोळी व दारूचे वायू यांचा पुढे जाणारा संवेग जितका, तितकाच रायफलीचा मागे येणारा. संवेग कायम असताना ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. आठ पौंडांच्या रायफलीतून .३०-०६ची १८० ग्रेनची गोळी सोडल्यास ही ऊर्जा सुमारे वीस फूट-पौंड भरते. तीच रायफल डोंगर चढण्यास सोयीची म्हणून सहा पौंडांची केली की धक्का एकतृतीयांशाने वाढतो. .२४३ विंचेस्टरमध्ये (१९५५) तो नऊ फूट-पौंडांच्या आसपास, तर मोठ्या आफ्रिकी जनावरांसाठी १९१२ साली निघालेल्या .३७५मध्ये, नऊ पौंडांची रायफल धरूनही, चाळिसाच्या जवळ असतो.

असे असूनही परीक्षणांत प्रतिक्षेप आकड्याने क्वचितच येतो. तो येतो विशेषणाने : सौम्य, तीक्ष्ण, झोंबरा, सुसह्य. ही सर्व सापेक्ष विशेषणे आहेत. ‘उंच’ म्हणताना मूल की मनोरा हे ठाऊक असावे लागते, तद्वत ‘सौम्य’ म्हणताना कोणाच्या खांद्यास हे सांगणे आवश्यक. आणि वर्षाला डझनभर रायफली झाडणाऱ्या परीक्षकाचा खांदा हा वाचकाचा खांदा नसतो. विशेषणांना आधार अगदीच नसतो असे मात्र नाही. ऊर्जा समान असूनही हलक्या रायफलीचा धक्का जलद व म्हणून झोंबरा लागतो. दस्त्याची टाच फार खाली वळलेली असेल तर नळीचे तोंड उसळते व गालास फटका बसतो. रबराची गादी धक्का लांबविते. शिवाय टेबलाशी बसून झाडणाऱ्याचे शरीर मागे झुकू शकत नाही, म्हणून त्यास धक्का अधिक जाणवतो, तर रानात उभ्या शिकाऱ्यास उत्तेजनेच्या भरात तो बहुधा जाणवतच नाही. परंतु सरावाच्या वेळी शरीराने जे शिकून ठेवले ते रानात उमटतेच : चाप ओढताना डोळे मिटणे, खांदा आक्रसणे, नळी खाली दाबणे. हे दचकणे ओळखण्याची जुनी युक्ती म्हणजे सरावाच्या काडतुसांत नकळत एक खोटे काडतूस मिसळणे. बार न उडता नुसती टिचकी वाजते, आणि नळीचे तोंड खाली बुडालेले सर्वांस दिसते.

‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचे जॅक ओ’कॉनर .२७०चे पुरस्कर्ते होते, आणि जड गोळीचा कैवार घेणारे एल्मर कीथ यांच्याशी त्यांचा मतभेद सर्वश्रुत होता. वाद गोळीच्या मारकतेचा म्हणून रंगला. त्याखालचा प्रश्न धक्क्याचा होता, तो मागेच राहिला. आफ्रिकेत वॉल्टर बेल यांनी हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतील बरेचसे लहानशा ७×५७च्या काडतुसाने. ती संख्या आज वाचवत नाही. तथापि हलक्या धक्क्याच्या रायफलीने गोळी हवी तेथे पाठविता येते, एवढे त्यातून सिद्ध होते. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारल्याबद्दल संयुक्त प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी जिम कॉर्बेट यांना भेट दिलेली रिग्बी रायफलही याच काडतुसाची होती.

रचनाविशेषांविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण त्यांतील पुष्कळसे आवडीनिवडीचे आहेत. माउझरची रुंद नखी खणातून वर येणारे काडतूस तेथेच पकडते व शेवटपर्यंत सोडीत नाही. ‘मॉडेल ७००’मध्ये दांडा काडतुसास केवळ पुढे ढकलतो व शेवटी पकडतो. विंचेस्टरने १९६४ साली खर्च वाचविण्यासाठी पहिली पद्धत सोडली, तेव्हा ग्राहक इतके रुसले की त्यापूर्वीच्या रायफलींस जुन्या बाजारात आजही वेगळा भाव आहे. धावून येणाऱ्या जनावरापुढे उभे राहणाऱ्यास हा भेद महत्त्वाचा. मचाणावरून हरिण टिपणाऱ्यास तो बहुधा जाणवणारही नाही. अक्रोडाचा दस्ता पावसात फुगून नळीवर दाब आणतो व गोळीची जागा सरकते, म्हणून कृत्रिम दस्त्यांचा प्रसार झाला. देखणेपणाबाबत त्यांची वकिली कोणी करीत नाही. चाप मात्र आवडीचा विषय नव्हे. तो जड वा खरखरीत असेल तर ओढताना रायफल हलते, आणि हे विखुरणे माणसाच्या खात्यात जमा होते.

नळीच्या तोंडाशी बसविलेली, वायू बाजूस वळविणारी सच्छिद्र टोपी धक्का बराच कमी करते, आणि अलीकडे ती पुष्कळ रायफलींवर कारखान्यातूनच बसवून येते. परीक्षणात तिची गणना लाभाच्या बाजूस होते. पण वळविलेल्या वायूबरोबर आवाजही मागे, झाडणाऱ्याच्या आणि त्याच्या शेजारच्याच्या कानाकडे येतो. मोठ्या आवाजानेही माणूस दचकतो, आणि रानात कान झाकून फिरणारा शिकारी विरळा. आवाजाची मोजणी देणारी परीक्षणे अद्याप थोडीच आहेत.