टपकतं एकीकडे, शिरतं दुसरीकडे

मे महिना सरत आला की मुंबई-ठाण्याच्या जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर निळ्या ताडपत्र्या पसरायला लागतात. कोपऱ्यांवर विटा, कठड्याला दोऱ्या आणि वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांच्या चेहऱ्यावर काळजी. सोसायटीच्या सभेत गळतीचा विषय दरवर्षी निघतो आणि ठरावीक वाक्यांवर येऊन थांबतो. ‘गेल्या वर्षीच तर केमिकल मारलं होतं.’ ‘डांबर ओतून घेऊ एकदा.’ ‘शेड टाका, कटकटच नको.’ या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर ती इतकी वर्षं तग धरून आहेत. पण उरलेल्या भागापायी लाखो रुपये पाण्यात जातात, आणि तेही पावसाच्या.

सगळ्यात चिवट समज असा, की छतावर ओलीचा डाग जिथे, त्याच्या बरोबर डोक्यावर गच्चीला भोक. मग कुणीतरी वर जाऊन पावलं मोजतं, ‘ती’ जागा शोधून काढतं आणि तिथे सिमेंटचा जाड लेप देऊन खाली येतं. पहिल्या जोरदार सरीला डाग पुन्हा हजर.

याचं उत्तर गच्चीच्या पोटात आहे. आपल्याकडच्या बहुतेक गच्च्यांवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, सरासरी दहा-अकरा सेंटीमीटर जाडीचा, आणि त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा चायना मोझेक. वीट सच्छिद्र. वरच्या थराला कुठेही चीर पडली की पाणी कोब्यात शिरतं, स्लॅबच्या पृष्ठभागावरून उताराच्या दिशेनं सरकत राहतं आणि स्लॅब जिथे कच्चा असेल तिथून खाली उतरतं. त्यातून विजेच्या नळ्या स्लॅब भरतानाच सळयांच्या मधून टाकलेल्या असतात. पाण्याला तो तयार रस्ता मिळतो. म्हणून अनेक घरांत पहिला थेंब पंख्याच्या कपातून किंवा दिव्याच्या पॉइंटमधून पडतो, आणि लोक समजतात की पंख्याच्या हुकाशी स्लॅब फुटला आहे. अशा वेळी बादली शोधायच्या आधी त्या खोलीचा एमसीबी पाडावा. पाण्याचा शिरकाव मात्र झालेला असतो चार-पाच मीटरवर, कठड्याच्या कोपऱ्यात.

आणि तो बहुतेकदा कोपऱ्यातच झालेला असतो. सपाट मैदानातून फारसं पाणी शिरत नाही. ते शिरतं जिथे एक वस्तू दुसरीला भेटते तिथे. कठडा आणि गच्ची यांचा जोड, पावसाळी पाइपाचं तोंड, टाकीकडून येणारे नळ, जिन्याच्या खोलीचा उंबरठा, दोन विंगांमधली फट. कठड्याच्या पायाशी गोलसर ‘वाटा’ मारायची पद्धत यासाठीच आहे: काटकोनात थर नीट बसत नाही, तो तिथे ताणला जातो आणि फाटतो. वाटा मारून वॉटरप्रूफिंगचा थर कठड्यावर निदान वीतभर चढवला, तर निम्मी भांडणं तिथेच मिटतात. घाईच्या कामात नेमका हाच भाग उरकला जातो, कारण तो दिसत नाही आणि चौरस फुटांत मोजलाही जात नाही.

‘कोबा पक्का केला की आयुष्यभर बघायला नको’ असं मानणारी एक पिढी होती. तिचं अगदीच चुकलं असं म्हणता येणार नाही, नीट केलेला कोबा दोन-तीन दशकं चालतो. पण काँक्रीट उन्हात पसरतं आणि पावसात आकसतं. वीस मीटर लांबीचा स्लॅब तीस अंशांच्या फरकानं सहा मिलिमीटरहून थोडा जास्त हलतो. तापलेल्या गच्चीवर वळवाची सर आली की यातला बराचसा फरक तासाभरात घडतो. सिमेंटला ताणलं जाणं माहीत नाही, त्याला फुटणंच माहीत आहे. केसासारख्या त्या चिरा उन्हाळ्यात दिसत नाहीत. गच्ची ओली करून सुकू द्यावी. सगळीकडचं पाणी उडून गेल्यावर चिरांच्या काळ्या रेषा मागे राहतात, तेव्हा त्या खडूनं आखून घ्याव्यात.

रबराचं नाव निघतं ते इथेच. ताणलं जाऊनही न फुटणारा थर हवा असेल तर रबर, हा विचार बरोबरच आहे. अमेरिका-कॅनडातल्या गोदामांच्या, शाळांच्या, दुकानांच्या सपाट छपरांवर १९६० च्या दशकापासून ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या चादरी अंथरल्या जातात. १९७३ च्या तेलसंकटानंतर डांबर महागलं आणि या चादरींचा खप वाढला. मोटारीच्या दाराला जी काळी पट्टी असते ती बहुधा याच रबराची. काजळीमुळे काळी, आणि त्या काजळीमुळेच उन्हाला दाद न देणारी. छपरासाठीची चादर साधारण सव्वा ते सव्वादोन मिलिमीटर जाड असते, पंधरा मीटरपर्यंत रुंद मिळते, आणि न फाटता मूळ लांबीच्या चौपटीपर्यंत ताणली जाण्याची क्षमता तिच्यात अपेक्षित असते.

एवढं ऐकलं की दुसरा गैरसमज सुरू होतो: रबर म्हणजे मग काळजी संपली. चादर स्वतः क्वचितच दगा देते. दगा देतो तो सांधा. ईपीडीएम हे पक्कं झालेलं रबर असल्यानं उष्णतेनं वितळवून जोडता येत नाही. दोन चादरींचा जोड प्रायमर आणि चिकटपट्टीवरच उभा असतो. अमेरिकेत सुरुवातीच्या काळात हे जोड निओप्रीनच्या गोंदानं चिकटवत, ते पाण्याखाली राहून सुटायला लागले आणि मग पुढे ब्यूटाइल रबराच्या पट्ट्या आल्या. शिवाय या रबराचं तेलाशी वैर आहे. उपाहारगृहाच्या स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट छपरावर सोडला असेल, तर त्याच्या तोंडापाशी साचणाऱ्या तेलकट थरानं रबर फुगतं, मऊ पडतं. आणि डांबर हाही खनिज तेलाचाच नातेवाईक. त्यामुळे रबरी छपराला पडलेल्या भोकावर चमचाभर डांबर थापणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात घातक उपाय आहे: थोडे दिवस गळती थांबते, नंतर भोवतालचं चांगलं रबरही जातं.

नीट दुरुस्ती कशी होते ते पाहण्यासारखं आहे. कारागीर आधी ती जागा धुतो, कारण रबरावर धूळ आणि पावडरीचा सूक्ष्म थर असतो आणि त्यावर काहीच धरत नाही. पांढऱ्या फडक्याला काळेपणा लागायचा कमी होईपर्यंत क्लीनरनं पुसतो. प्रायमर लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबतो. ठिगळ भोकाच्या चारी बाजूंनी निदान तीन इंच पुढे जाईल असं कापतो आणि त्याचे कोपरे कात्रीनं गोल करतो, कारण चौकोनी टोक सगळ्यात आधी उचललं जातं. मग छोट्या लोखंडी रुळानं मधून कडेकडे दाबत हवा बाहेर काढतो. काम अर्ध्या तासाचं, पण एकही पायरी गाळून चालत नाही.

आपल्याकडे घरांच्या गच्चीवर ही चादर क्वचित दिसते. मेम्ब्रेन म्हणून जी टाकली जाते ती बहुतेक वेळा डांबरी असते, तीन किंवा चार मिलिमीटर जाडीची, एक मीटर रुंद आणि दहा मीटर लांब गुंडाळी. ती गॅसच्या बर्नरनं तापवून चिकटवतात. तिचा जोड तपासायची खूण सोपी आहे: दोन पट्ट्या बाजूनं दहा आणि टोकाला पंधरा सेंटीमीटर एकमेकींवर चढलेल्या हव्यात, आणि जोडाच्या कडेनं वितळलेल्या डांबराची बारीक सलग रेघ बाहेर आलेली दिसायला हवी. रेघ तुटक असेल तर तिथे थर नुसता टेकलेला आहे. डब्यांतून ‘लिक्विड रबर’ म्हणून जे मिळतं त्यात अ‍ॅक्रिलिक, पॉलियुरेथेन किंवा डांबर-रबराचं पाण्यातलं मिश्रण असतं. ते वाईट नाही. पण साध्या अ‍ॅक्रिलिकवर पाणी दिवसेंदिवस साचून राहिलं तर ते मऊ पडून सुटायला लागतं, आणि नेमकी तीच गच्ची गळत असते जिच्यावर पाणी साचतं.

या द्रवांबाबत खरी चलाखी जाडीत होते. शंभर चौरस मीटर गच्चीवर वाळल्यानंतर एक मिलिमीटर थर राहायचा असेल, तर शंभर लिटर घन पदार्थ लागतो. डब्यातल्या मालात घन भाग साठ टक्के असेल, तर हिशेब १६७ लिटरांवर जातो, म्हणजे वीस लिटरच्या आठ बादल्या संपून नववी उघडायला हवी. चार बादल्यांत आणि बरंच पाणी मिसळून ‘दोन कोट’ पूर्ण झाले असतील, तर तो थर वॉटरप्रूफिंगच्या नावाखाली मारलेला रंग आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीला रसायनशास्त्र यायची गरज नाही. रिकाम्या बादल्या मोजता आल्या तरी पुरे. पांढऱ्या लेपाचंही तसंच. ऊन परतवून तो वरच्या मजल्याचा उकाडा कमी करतो, हे खरं. पण उष्णता परतवणारा प्रत्येक पांढरा लेप पाणी अडवतोच असं नाही.

जुन्याच्या वर नवं चढवत जाणं हा आपला आवडता तोडगा. पहिला कोबा गळतो, त्यावर दुसरा कोबा. दहा सेंटीमीटरच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतं, म्हणजे शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर वीस टन. भारतीय मानकानुसार लोक वावरतात अशा गच्चीसाठी माणसं-सामान यांचा जो भार गृहीत धरतात तो चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो. दुसरा कोबा त्याच्याहून जड होतो, आणि तो चढतो गळून गळून ज्याच्या सळया गंजू लागल्या आहेत अशा स्लॅबवर. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो, म्हणून खालचं काँक्रीट फुगून पोपडे पडतात. अशा छताला नुसती पुट्टी लावून रंग देणं म्हणजे तापाच्या रोग्याचा थर्मामीटर फोडणं.

ओल्या कोब्यावर मेम्ब्रेन टाकण्याचा धोका वेगळा. आतलं पाणी कोंडलं जातं, ऊन तापलं की त्याची वाफ होते आणि चादरीला फोड येतात. कोबा वाळला की नाही हे बघायला यंत्र लागत नाही. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक घेऊन चारी कडा टेपनं बंद करायच्या आणि रात्रभर, म्हणजे निदान सोळा तास, तसंच ठेवायचं. सकाळी प्लास्टिकच्या आतून थेंब धरलेले दिसले किंवा खालचा भाग काळपट पडला, तर गच्ची अजून ओली आहे. कॉन्ट्रॅक्टर कितीही घाई करो.

राहिली पत्र्याची शेड. ती पाऊस अडवते, यात वाद नाही. तरी आडवा पाऊस कठड्याला झोडपतोच, शेडचे खांब स्लॅबमध्ये बोल्टांनी रोवले की तेवढी नवी भोकं पडतात, आणि पालिकेची परवानगी नसेल तर वेगळाच घोर लागतो. बोल्टांची गोष्ट शेडपुरतीच नाही. नवीन वॉटरप्रूफिंगचा निकाल पहिल्याच वर्षी लावणारे लोक म्हणजे डिशवाला, केबलवाला आणि सोलर हीटरवाला. त्यांना ड्रिल घेऊन गच्चीवर सोडायच्या आधी पाया कुठे टेकायचा हे सोसायटीनं सांगायला हवं. सिमेंटचे सुटे ठोकळे ओतून त्यावर स्टँड उभा करता येतो.

देखभाल म्हणजे फार मोठं काही नाही. पावसाआधी पाइपांच्या तोंडावरच्या जाळ्या साफ करणं, कठड्यातून डोकावणारं पिंपळाचं रोप बोटभर असतानाच मुळासकट काढणं, पाऊस थांबून दोन दिवस उलटल्यावरही जिथे पाणी उभं असेल ती जागा टिपून ठेवणं. सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा दिवस रोज येत नाही. पण जाळीत प्लास्टिकची पिशवी अडकली असेल तर गच्चीचं तळं व्हायला साधी आषाढसरही पुरते.

सभेत यानंतर जो आवाज चढतो तो पैशांवरून. ‘गळतं त्यांच्या घरात, त्यांनी बघावं.’ हा समज कायद्याला धरून नाही. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चानं होते, आणि गच्चीतून झिरपलेल्या पावसाच्या पाण्यानं वरच्या मजल्याच्या छताचं आणि गिलाव्याचं जे नुकसान होतं, तेही संस्थेनंच दुरुस्त करून द्यायचं असतं. त्यासाठी दुरुस्ती निधीत सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या निदान ०.७५ टक्के रक्कम दरवर्षी जमा व्हायला हवी. उलट न्हाणीघर, मोरी किंवा सिंकमुळे होणारी आतली गळती ज्याची त्यानं निस्तरायची. इमारत नवी असेल तर सभा घ्यायच्याही आधी बिल्डरला लेखी कळवावं. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निदर्शनास आणला, तर तो तीस दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करण्याची जबाबदारी त्याची आहे. तारीख टाकलेले फोटो आणि पोच घेतलेलं पत्र जवळ असलं की या कलमाचा उपयोग होतो.