धान्य-साठवण

धान्य-साठवण : काढणीनंतर धान्य पुढील हंगामापर्यंत वा त्याहून अधिक काळ खाण्यास व पेरणीस योग्य स्थितीत राखणे. साठविलेला दाणा सजीव असतो. तो श्वसन करतो, त्यातून उष्णता व वाफ बाहेर पडते आणि ओलावा जितका अधिक तितके श्वसन जलद होते. म्हणून साठवणीचे यश कोठारापेक्षा खळ्यातील वाळवणीवर अधिक अवलंबून असते. तृणधान्यांत सु. १२ टक्क्यांहून व कडधान्यांत सु. १० टक्क्यांहून अधिक ओलावा नसावा. दमट धान्यावर बुरशी येते. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीपासून निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष शिजविण्यानेही पुरते नष्ट होत नाही. उन्हातले गरम धान्य तसेच पत्र्याच्या कोठीत भरणे ही नेहमीची चूक होय. रात्री पत्रा थंड झाला की झाकणाला आतून पाणी सुटते व वरचा थर कुजतो.

सोंडे दाणा कोरून आत अंडी घालतात. त्यामुळे दाणा बराच काळ धड दिसतो. कडधान्यांतील भुंगेऱ्यांची लागण पुष्कळदा शेतातच होते. कडधान्याला तेल चोळण्याची घरगुती रीत गुणकारी आहे. तेलाच्या थराने भुंगेऱ्यांची अंडी मरतात. कडुनिंबाच्या पाल्यावर मात्र फार विसंबू नये. खापरा भुंगेऱ्याच्या अळ्या अगदी कोरड्या धान्यातही जगतात व भिंतींच्या भेगांत दीर्घकाळ उपाशी राहू शकतात.

महाराष्ट्रात ज्वारी पेवात साठवीत. पांढरीच्या घट्ट मातीत अरुंद तोंडाचा खोल खड्डा खणून त्याला कडब्याचे अस्तर देत व तोंड मातीने लिंपीत. दाण्यांच्या व किड्यांच्या श्वसनाने आतील ऑक्सिजन संपून कार्बन डाय-ऑक्साइड साचतो व किडे गुदमरतात. कडेच्या ज्वारीला मात्र ओल लागून कुबट वास येतो व उगवणशक्ती घटते; म्हणून बियाणे पेवात ठेवीत नसत. हीच कोंडलेली हवा माणसालाही मारक ठरते. पेव उघडल्यावर ते काही काळ तसेच ठेवून मग कंदील सोडून पाहण्याची चाल होती. कंदील विझला की कोणी उतरत नसे. तो जळत राहिला तरी पूर्ण निर्धास्त होता येत नाही.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडाच्या गोळ्यांतून हवेतील बाष्पामुळे फॉस्फीन वायू सुटतो. तो दाण्यातील अळीपर्यंत पोहोचतो, तसाच दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत निजलेल्यांपर्यंतही. राहत्या घरात ठेवलेल्या अशा गोळ्यांनी लहान मुले दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. भारतात त्यांचा वापर शासकीय यंत्रणा व परवानाधारक कीडनियंत्रक यांच्यापुरता मर्यादित आहे. घरगुती साठवणीसाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेली पुसा कोठी अधिक योग्य होय. तिच्या कच्च्या विटांच्या दुहेरी भिंतींमध्ये पॉलिथिनाचा कागद असतो. ती काठोकाठ भरून तोंड बंद केल्यास किड्यांना हवा उरत नाही.